अमावास्येचा वर्ग

२०२२ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. मला कुणी काही शिकवावं असं ते वय नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसा माझा स्वभावही कधी नव्हता. शाळा मी पाचोडला चौथीपर्यंत केली. पाचवीच्या मास्तरांनी पट्टी उगारली, ती मी हवेतच धरून ठेवली आणि त्या दिवशी शाळेचा नि माझा संबंध संपला. मग हातात थापी आली ती आलीच. या शहरातल्या कितीतरी बिल्डिंगींच्या भिंतीला माझा हात लागलेला आहे. छावणीपासून निघालो की बजाजनगरातल्या माझ्या घरापर्यंत बोट दाखवत जाता येतं. ही माझी, ती माझी, त्या कोपऱ्यावरची दुसऱ्याची, म्हणून तिला ओल येते.

अशा माणसाला पुन्हा शाळेत नेऊन बसवलं ते पाठकबाईंनी. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात पुष्कळ दिवस होतं. अक्षर माझं वाकडं आहे, पण वाकडी भिंत मी आयुष्यात उभी केली नाही, तेव्हा जमेल.

बाई पॉलिटेक्निकमध्ये विजेचा विषय शिकवायच्या. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका तीर्थाला जातात, भिशी लावतात. बाईंच्या डोक्यात वेगळंच. शहरातल्या इमारती विनाकारण वीज खातात, ती कमी खावी, आणि हे बिल भरणाऱ्याला सांगायच्या आधी बांधणाऱ्याला शिकवावं. त्यांचं म्हणणं असं, की घर उन्हाळ्यात तापतं ते मिस्तरीच्या हातानं तापतं. त्यानं पश्चिमेच्या खिडकीला छज्जा दिला नाही, वरचा झरोका बुजवून टाकला, स्लॅबवर काळं डांबर ओतलं, की पुढं चाळीस वर्षं त्या घरातला पंखा नि कूलर त्याची शिक्षा भोगत फिरत राहतात.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. का, ते माझ्या घराची गोष्ट आली की कळेल.

दिसायला बाई बारीक. सुती साडी, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, जुनी स्कूटी. पायात कायम सैल अंगठ्याच्या चपला. त्या सैल का, हेही पुढं येईल. आवाज मात्र असा, की नाक्यावर या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या हातगाडीवरचा चहावाला वळून बघायचा.

आमचा नाका म्हणजे सकाळी मिस्तरी, वायरमन, बिगारी कामाच्या आशेनं उभे राहतात ती जागा. तिथं बाई एका सकाळी स्कूटीवरून उतरल्या आणि म्हणाल्या, रविवारी दुपारी फुकट ट्रेनिंग आहे, छावणीजवळच्या शाळेच्या तळमजल्यावर हॉल मिळालाय, सगळ्यांनी यायचं. सगळ्यांनी मान डोलावली. नाक्यावर मान डोलवायला काही लागत नाही. रविवारी कुणी गेलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग बाई परत आल्या आणि नेमक्या माझ्यासमोर येऊन थांबल्या, कारण पांढऱ्या मिशा माझ्याच होत्या.

"मिस्तरी, तुम्ही लोक हो म्हणता आणि येत का नाही?"

"बाई, रविवारी घरमालक घरी असतो. डोक्यावर उभा राहून काम करून घेतो. रविवार आमचा लई कामाचा."

"मग सुट्टी कधी असते तुम्हाला?"

"अमावास्येला."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. अमावास्येला गवंडी थापीला हात लावत नाही. कामून म्हणाल तर तसं चालत आलेलं आहे. माझा बाप लावत नव्हता, मी लावत नाही. बाई म्हणाल्या, "मग अमावास्येलाच ठेवू."

मी म्हटलं, "अमावास्येला कुणी नवीन काम सुरू करत नाय बाई."

"मी कुठं बांधकाम काढतेय? मी नुसती बोलणार आहे."

वायरमन रफिक माझ्या शेजारी उभा होता. तो माझ्याकडं वाकून म्हणाला, "मिस्तरी, ये बाई नुसती बोलनेवाली दिखती नहीं."

रफिकची पारख विजेच्या बाबतीत चुकते कधीकधी, माणसाच्या बाबतीत नाही.

अमावास्येला वर्ग म्हटल्यावर बाईंच्या घरीच पहिलं भांडण झालं. त्यांच्या सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी विचारलं, चहा किती जणांचा टाकायचा. हे बाईंनीच आम्हाला सांगितलं, हसत. नाक्यावरच्या पोरांनी त्यांचं नाव 'अमावास्याबाई' ठेवलं. पाठीमागं म्हणायचे. बाईंच्या कानावर गेलं तर त्या दिवसापासून फोनवरच सांगायला लागल्या, "हॅलो, मी अमावास्याबाई बोलतेय. परवा या." मग चिडवण्यात काही मजा उरली नाही.

पहिल्या वर्गाला आम्ही गेलो ते निव्वळ बघायला. मला वाटलं पडदा लावतील, त्यावर चित्रं दाखवतील, पंख्याखाली डुलकी काढू. बाईंनी हॉलचं कुलूप उघडलं, आम्हाला माठातलं पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "चला गच्चीवर."

चैत्रातली दुपार. शाळेची गच्ची डांबर ओतून काळी केलेली. गळती थांबवायला आपल्याकडं हेच करतात, मीही केलेलं आहे आणि चांगलं केलेलं आहे, थेंब गळत नाही. बाई गच्चीच्या दारात थांबल्या, न वाकता पायातून चपला सोडल्या आणि सरळ डांबरावर जाऊन उभ्या राहिल्या.

"चपला काढा आणि या."

कुणी हलेना. रफिक म्हणाला, "बाई, पाव जलेंगे."

"जळू देत. याच्याच खाली पोरं बसतात."

एकेक जण गेला आणि नाचत परत आला. हसाहशी झाली. बाई तोवर सावलीत आल्या होत्या. मी मात्र गेलो आणि उभा राहिलो. एका बाईनं सांगावं आणि मी नाचत परत यावं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. तळपाय भाजायला लागले तरी मी मिशीवर हात फिरवत उभा. शेवटी बाई म्हणाल्या, "मिस्तरी, या आता. शिकायला एवढा वेळ लागत नाही."

खाली आल्यावर त्यांनी पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं की एखादा असा निघणार. मी म्हटलं, मला काही झालं नाय. बाईंनी बाटली तिथंच राहू दिली आणि दुसरीकडं तोंड करून बोलत राहिल्या. मग मी लावलं.

"पाय खोटं बोलत नाहीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. यंत्रं त्यांच्याकडं होती, उष्णता मोजायची बंदुकीसारखी एक होती, ती भिंतीवर रोखली की आकडा दाखवायची. पण ती त्या शेवटी काढायच्या. आधी पाय, मग हात, मग आकडा. कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी भिंतीला उलटा हात लावून बघायच्या, पोराच्या कपाळाला लावतात तसा. आणि म्हणायच्या, "याला ताप आहे." पश्चिमेची भिंत असली की हमखास ताप. घरातली माणसं घाबरायची, की कुणाला ताप.

दुसरी सवय म्हणजे बटणं बंद करायची. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की बाईंचा हात आपोआप बटणाकडं जायचा, मग ते कुणाचं ऑफिस असो की दवाखाना. एकदा आमच्या एका मिस्तरीच्या मुलीच्या लग्नाला त्या आल्या होत्या. मंगल कार्यालयात जेवणं उरकली, हॉल रिकामा, वर सगळे दिवे भगभगत होते. बाईंनी बोर्डाजवळ जाऊन भराभर बटणं पाडली. नेमकं तेव्हा स्टेजच्या मागं फोटोवाला नवरा-नवरीचे फोटो काढत होता. अंधार झाला, कुणी तरी किंचाळलं, नवरीच्या मावशीला वाटलं लाईट गेली, ती मेणबत्त्या शोधायला पळाली. दिवे परत लागले तेव्हा बाई बोर्डापाशीच उभ्या होत्या. एवढीही लाज नाही. फोटोवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही आहात हे आधी सांगायला हवं होतं." आणि बोर्डावरची तीन बटणं स्टेजची, बाकीची नको, असं त्याला समजावूनही सांगितलं.

बाईंचा जाच होता, हे काही मी लपवणार नाही. जेवायला बसलो की नेमका फोन यायचा. ऐन बोलण्यात तोडायच्या. तोंडावर शाबासकी म्हणून कधी दिली नाही. पण शिकवायच्या ते असं, की घरी जाऊन करून बघावंसं वाटायचं. कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो तीच कोंदट हवा घुसळतो, तो खिडकीबाहेर बसवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, त्यालाही पाठीमागून श्वास घ्यायचाय. टाकी भरून वाहायला लागली तरी मोटार चालूच, हे ज्या बिल्डिंगीत दिसेल तिथल्या वॉचमनला वर्गाला घेऊन या. रफिकला त्यांनी उभं करून ढिल्या जोडणीची तार किती तापते ते सगळ्यांना दाखवायला लावलं. रफिक आयुष्यात पहिल्यांदा मास्तर झाला, तर घरी जाऊन बायकोला म्हणाला, मेरे को आज से सर बोलना. ती काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही.

माझ्या घरीही बाई आल्या होत्या, वर्ग सुरू झाल्यावर लगेच. बजाजनगरातलं घर मी स्वतःच्या हातानं बांधलेलं. बाईंनी भिंतीला उलटा हात लावला, वर छताकडं बघितलं.

"डांबर?"

"हो. थेंब गळत नाय."

"ताप आहे हो मिस्तरी याला."

"माझ्या घराला काय धाड झालीय," मी म्हटलं. बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला वरच्या खोलीत दुपारी डोळा लागत नव्हता, हे ती मला बऱ्याच उन्हाळ्यांपासून सांगत होती. बाईंनी एकच कप चहा घेतला आणि गेल्या.

आता मुख्य गोष्ट. ती पुढच्या वर्षीची, उन्हाळा लागतानाची.

आम्ही ज्या शाळेच्या हॉलमध्ये जमायचो तिचा वरचा मजला उन्हाळ्यात भट्टी व्हायचा. दुपारी तिथं पोरांना घेऊन बसणं अवघड. एक पोरगी चक्कर येऊन पडली तेव्हा पालक भांडायला आले. संस्थेचे सेक्रेटरी साहेब भला माणूस, गुलमंडीला कापडाचं दुकान. त्यांनी बाईंना बोलावलं. मी आणि रफिक सोबत होतो.

साहेब म्हणाले, "बाई, वरच्या मजल्यावर एसी बसवायचं ठरलंय. बिलाची सोय म्हणून खालचा हॉल शिकवणीवाल्यांना भाड्यानं द्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

म्हणजे आमचा वर्ग उठणार. दुसरा हॉल असा कुणी फुकट देणार नव्हतं, आणि बाईंनी तोवर किती दारं ठोठावून हा मिळवला होता ते आम्हाला ठाऊक होतं. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी पर्समधून हॉलची किल्ली काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं संपलं.

"साहेब, वरचा मजला मला द्या. चैत्रात एका दुपारी तुम्ही स्वतः वर्गात बाकावर येऊन बसा. शाळा सुटेपर्यंत बसणं जमलं नाही तर ही किल्ली तुमची. जमलं तर एसी नको आणि हॉल आमचा."

साहेब हसले. किल्ली बाईंच्या बाजूला सरकवून म्हणाले, "तोवर ठेवा तुमच्याकडंच."

बाहेर आल्यावर रफिक म्हणाला, "बाई, हार गए तो?"

"तर घरी बसून सासूबाईंना शिकवीन," बाई म्हणाल्या. पण स्कूटीची चावी त्यांना दोनदा लावावी लागली.

मग बाईंची नि माझी जुंपली. त्यांचं म्हणणं, गच्चीला पांढरा रंग मारू. मी म्हटलं, पहिल्या पावसात तो पन्हाळातून वाहून जाईल, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवा, पिढीभर हलणार नाहीत. त्या म्हणाल्या, फरशीला खर्च येईल. मी म्हटलं, फुटकी फरशी दुकानवाले फेकून देतात. त्या म्हणाल्या, गळती झाली तर? मी म्हटलं, मी बसवलेली गच्ची गळाली तर मिशी काढीन. हे असं आठवडाभर. शेवटी बाई म्हणाल्या, "फरशी तुमची. पण पश्चिमेच्या खिडक्या माझ्या म्हणण्याप्रमाणं." आणि त्या खिडक्यांना बाहेरून बांबूचे चिक, म्हणजे कामट्यांचे पडदे, लागले, बुजवलेले झरोके मी परत फोडले, रफिकनं पंखे खाली घेऊन साफ केले, जुन्या ट्यूबा काढल्या.

फरशी जमवली फरशीवाल्यांच्या दुकानामागच्या ढिगातून. ती फोडायचा दिवस अमावास्याच ठरला. नाक्यावरच्या एकानं शंका काढली, की अमावास्येला काम कसं करायचं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, कारण हा प्रांत माझा.

मी म्हटलं, "थापीला हात लावायचा नाय. फरशी फोडायला हातोडा लागतो."

"फोडणं म्हणजे काही बांधणं नव्हे," बाईंनी लगेच टेकू दिला.

मग काय, हॉलमध्ये पोत्यांवर फरशी फोडत सगळे बसले, बाईसुद्धा, डोळ्याला चष्मा नि हातात हातोडी. बसवायचं काम मात्र इतर दिवशी, नाक्यावर जायच्या आधी सकाळी सकाळी. खाली ढाळ मी दिला. ढाळ म्हणजे पाणी आपोआप पन्हाळाकडं जावं असा उतार. त्यात मी कुणाचं ऐकत नाही. गच्ची पुरी झाली तेव्हा उन्हात डोळे दिपायचे. बाई अनवाणी तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. परत येऊन नुसतं म्हणाल्या, "चहा घेऊ या."

अर्धा चैत्र सरला. ठरलेल्या दुपारी साहेब आले, बुटासकट मागच्या बाकावर बसले. पोरं टकामका बघतायत. गुरुजी फळ्यावर गणित सोडवतायत. आम्ही व्हरांड्यात. अर्धा तास झाला नसेल, साहेबांनी रुमाल काढला. मग वही घेऊन वारा घालायला लागले. मग उठून बाहेर आले.

"बाई, तापतंय की हो."

बाईंनी भिंतीला उलटा हात लावला. मग वर हात करून बघितलं, छताची झळ डोक्याला लागत होती. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता फरशीचं निघणार.

"माझं काम चुकलेलं नाय," मी म्हटलं.

"मी कुठं म्हटलं? चला वर."

बाईंनी त्या वेळी एका शब्दानं जरी मला बोल लावला असता ना, तर मी घरी निघून गेलो असतो. त्यांनी लावला नाही. हॉल जायची वेळ आली तरी लावला नाही.

वर गेलो आणि दारातच उभे राहिलो. पांढरी गच्ची दिसतच नव्हती. पावसाळ्यात व्हरांड्याला बांधतात ती काळी ताडपत्री, या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलेली, कडेला विटा ठेवून नीट दाबलेली. शाळेच्या सफाईवाल्या गंगा मावशी मागून आल्या. कौतुकानं म्हणाल्या, "कबुतरं लई घान करायलीत बाई. साहेब यायचे म्हनून चार दिवस झाले झाकून ठिवलं. नवी वस्तू हाय, खराब नको व्हाया."

नवी वस्तू झाकून ठेवायची ही आपली रीतच आहे. नव्या सोफ्याचं प्लास्टिक फाटेपर्यंत काढत नाहीत. टीव्हीला क्रोशाचा रुमाल. मावशींचं काय चुकलं. रफिकला आधी हसू फुटलं. त्याचं बघून मला फुटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या ताडपत्रीकडं टक लावून बघत होत्या, आणि मला दिसलं की त्यांच्या डोक्यात काही तरी सुरू झालंय.

"मावशी, फार बरं केलंत," त्या म्हणाल्या. "साहेबांना वर बोलवा."

साहेब दम खात वर आले. तोवर बाईंनी मला अर्धी ताडपत्री उचलायला लावली होती. अर्धी गच्ची काळी, अर्धी पांढरी.

"साहेब, बूट-मोजे काढा."

"अहो बाई, हे काय."

"एक पाय इथं, एक तिथं."

साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. खाली मैदानातून पोरं वर बघत होती. मग त्यांनी मावशींच्या खांद्याचा आधार घेऊन मोजे काढले, एक पाय फरशीवर ठेवला, दुसरा ताडपत्रीवर. ताडपत्रीवरचा पाय त्यांनी असा उचलला की तोल गेला, रफिकनं धरलं. मग दोन्ही पाय पांढऱ्या फरशीवर ठेवून ते उभे राहिले. चांगले उभे राहिले. एकदा खाली बघितलं, एकदा ताडपत्रीकडं.

"पाय खोटं बोलत नाहीत, साहेब," रफिक बाईंच्या आवाजात म्हणाला.

साहेब मावशींना म्हणाले, "काढा ते सगळं. परत घालू नका." आणि बाईंना म्हणाले, "किल्ली तुमच्याकडं राहू द्या. पण मी परत येऊन बसणार. व्यवहार म्हणजे व्यवहार."

ते परत आले. ताडपत्री निघून आठवडा झाला होता. मागच्या बाकावर बसले, गुरुजींचा इतिहास चालू झाला, आणि साहेब भिंतीला डोकं टेकून झोपले. पोरांनी त्यांना शाळा सुटेपर्यंत उठवलं नाही. बाई व्हरांड्यात तोंडावर बोट ठेवून उभ्या होत्या. घंटा झाली तेव्हा साहेब दचकून उठले, घड्याळ बघितलं, आणि एसीचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

पुढच्या अमावास्येला बाईंनी गंगा मावशींना सगळ्यांसमोर बोलायला उभं केलं. मावशी लाजल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "झाकू नगा." एवढं बोलून बसल्या. बाई म्हणायच्या, एवढं नेमकं भाषण त्यांना पॉलिटेक्निकमध्ये कधी जमलं नाही. तेव्हापासून मावशी वर्गाच्या पक्क्या झाल्या. गच्ची रोज झाडायच्या, कबुतरांशी भांडायच्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी माझ्या घराचं डांबर खरवडलं आणि वर फुटकी फरशी बसवली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय कारण. उन्हाळ्यात बाई काही कामानं घरी आल्या. बसायच्या आधी सवयीनं भिंतीला उलटा हात लावला. हात थोडा वेळ तसाच राहिला. त्यांनी वर बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही, बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "वरच्या खोलीत दुपारी झोप लागायलीय आता." बाईंनी मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या दिवशी बाईंनी दोन कप चहा घेतला.

शिकलेली माणसं मी पुष्कळ बघितली. जिंकली की सांगतात. बाईंनी ते कधी सांगितलं नाही, म्हणून मला ते अजून आठवतं.

वर्ग वाढत गेला. शहरातल्या सोसायट्यांचे चेअरमन यायला लागले, बचत गटाच्या बायका यायला लागल्या. वाळूजकडचे वॉचमन सायकली मारत यायचे. बाईंचे गुडघे मात्र दुखायला लागले. आधी स्कूटी सुटली, रिक्षानं यायला लागल्या. मग गच्चीचा जिना सुटला. सासूबाई वारल्या, घरी एकट्या. नाशिकहून मुलगी बोलवत होती. गेल्या वर्षी एका अमावास्येला त्यांनी सांगितलं, की हा शेवटचा वर्ग, उद्या जातेय.

त्या दिवशी नवी माणसं बरीच होती. मी त्यांना वर नेलं, चपला काढायला लावल्या. बाई जिन्याच्या खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत होत्या, काय वाटलं पायाला. कुणी नुसतं 'बरं वाटलं' म्हटलं की सोडायच्या नाहीत. बरं म्हणजे काय, कुठं बरं, टाचेला की बोटाला. सगळ्यांत शेवटी मी उतरलो.

"वर कसं आहे?"

"उभं राहवतं बाई."

"तुम्हाला तर डांबरावरही राहवायचं," त्या म्हणाल्या. मी हसलो नाही. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

मी हात मागं घेतला. "मी चौथी शिकलेला माणूस. मी काय वर्ग घेणार? साहेबांना द्या."

"साहेबांना दिली तर उद्या शिकवणीवाले येतील. बोलू नका हवं तर. दार उघडा, पाणी पाजा, वर न्या. बाकीचं पाय शिकवतात."

"मला कुणी विचारलं आणि आलं नाय तर?"

"तर म्हणा, मला ठाऊक नाही. मीही म्हणायचे."

हे खोटं होतं, बाईंना नेहमी ठाऊक असायचं. पण किल्ली माझ्या हातात आली होती. त्यांनी दिली, मी घेतली, असा काही प्रकार झाला नाही. त्यांनी माझा पंजा उघडला, किल्ली ठेवली आणि बोटं मिटली.

रिक्षा फाटकात उभी होती. रफिकनं बॅग ठेवली. गंगा मावशी रडत होत्या, बाई त्यांना म्हणाल्या, "कबुतरांना सांभाळा." रिक्षा निघाली आणि फाटकाच्या खांबापाशी जरा थांबली, रस्त्यावरून ट्रक जात होता म्हणून. तेवढ्यात रिक्षातून बाईंचा हात बाहेर आला. उलटा हात त्यांनी खांबाला लावला, कपाळाला लावतात तसा. खांब मीच बांधलेला होता. हात आत गेला, रिक्षा छावणीच्या दिशेनं वळली. बाई मागं वळून बघणाऱ्यातल्या नव्हत्या. बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली करदोड्याला बांधली आणि नाक्यावर गेलो. काम घ्यायला नव्हे. चहावाल्यापाशी उभा राहिलो. एका नव्या मिस्तरीनं विचारलं, "काका, बाई गेल्या म्हनं. वर्ग बंद झाला का?"

"कामून बंद होईल?" मी म्हटलं. "पुढच्या अमावास्येला ये. सैल चपला घालून ये."

मग मी शाळेत जाऊन हॉल उघडला आणि माठ घासायला घेतला.